बाटलीवरचे अठ्ठ्याण्णव टक्के आणि फॅटखालचा काळा थर

सेंट्रिफ्यूजचं झाकण उघडून पहिला ब्युटायरोमीटर, म्हणजे दुधातलं फॅट मोजायची खुणांची काचेची नळी, हातात घेतला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. अरुंद नळीतला फॅटचा थर वाळलेल्या काडीसारखा फिकट पिवळा आणि आरपार दिसणारा हवा. तो होता तपकिरी, आणि त्याच्या बुडाशी काजळीसारखा काळा थर बसला होता. दुसरा तसाच. तिसराही. चोवीसच्या चोवीस नमुने तसेच निघाले, आणि बाहेर दूध संस्थांचे सचिव रिपोर्टची वाट बघत उभे होते.

दूध रोजचंच होतं, यंत्र तेच, काचेचं सामान तेच. नवीन होतं ते फक्त चाचणीसाठी लागणारं सल्फ्युरिक ॲसिड, आणि ते आदल्या संध्याकाळी मीच पाणी घालून तयार केलं होतं. डेअरीच्या प्रयोगशाळेत लागून मला तेव्हा महिनाही झाला नव्हता. साहेबांनी एक ब्युटायरोमीटर खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि विचारलं, "पाणी किती घातलंस?"

"सत्त्याहत्तर मिली, साहेब."

"आणि डेन्सिटी बघितलीस?"

बघितली नव्हती. सूत्र बरोबर होतं, गुणाकार-भागाकार बरोबर होता, कॅल्क्युलेटर बरोबर होता, त्यामुळे बघायची गरजच वाटली नव्हती. ते चोवीस नमुने कपाटातल्या जुन्या बाटलीत उरलेल्या ॲसिडवर पुन्हा लावले आणि रिपोर्ट दोन तास उशिरा गेले. ॲसिड विरल करण्याचं गणित मला खऱ्या अर्थानं त्या दिवशी कळलं. बीएस्सीला ते मी वहीत पाच-पन्नास वेळा सोडवलं असेल. तरी ते नेमकं कुठं फसवतं हे वहीत दिसलं नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हा लेख प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी, शिकणाऱ्यांसाठी आणि हे सगळं कसं चालतं याची उत्सुकता असणाऱ्यांसाठी आहे. घरी करून बघण्याची ही गोष्ट नाही.

दुधाला ॲसिड कशाला?

दुधातलं फॅट मोजायची गर्बर पद्धत स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बर यांनी १८९१ मध्ये पेटंट केली. ब्युटायरोमीटरमध्ये आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड घ्यायचं, त्यावर काचेच्या कडेनं हलकेच १०.७५ मिली दूध सोडायचं, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की ॲसिड दुधातली प्रथिनं विरघळवून टाकतं. फॅटच्या कणांभोवतीचं आवरण सुटतं, आणि मिसळताना निघालेल्या उष्णतेनं फॅट पातळ होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर ते वर येतं. ६५ अंशाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून नळीवरच्या खुणांवर आकडा वाचायचा. आज बहुतेक संकलन केंद्रांवर मिल्क ॲनालायझर आलेत, मिनिटाच्या आत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) छापून देतात. पण त्या यंत्राचा आकडा खरा की खोटा हे पडताळायला आजही गर्बरचा आधार घेतात.

या कामाला ॲसिड ठरावीक ताकदीचंच लागतं. २७ अंश तापमानाला घनता १.८०७ ते १.८१२, म्हणजे वजनानं साधारण ९० ते ९१ टक्के. यापेक्षा कडक असेल तर ते दुधातली साखर आणि प्रथिनं जाळतं, काळे कण तयार होतात, अमाइल अल्कोहोलवरही त्याची क्रिया होते आणि फॅटचा आकडा भरवशाचा राहत नाही. मवाळ असेल तर प्रथिनं पुरती विरघळत नाहीत, आणि फॅटखाली दह्याच्या कणीसारखा पांढरा थर अडकून बसतो. दोन्ही वेळा फॅटची खालची रेघ धूसर होते. ती रेघ एक बारीक खूण इकडे किंवा तिकडे वाचली गेली तर शेतकऱ्याच्या बिलात फरक पडतो. ३.५ फॅटला जो दर, तो ३.३ ला नाही. दोन दशांशांसाठी लोक पहाटे चार वाजता उठून गोठ्यात राबतात, आणि आमच्या हातून ते नळीतल्या काजळीत हरवायचे.

तर ॲसिड हवं साडेनव्वद टक्क्यांचं, आणि बाटली मिळते अठ्ठ्याण्णव टक्क्यांची. मी वहीत मांडलं होतं ते असं:

९८ × आकारमान = ९०.५ × १०००

उत्तर ९२३ मिली ॲसिड, म्हणजे लिटर पुरा करायला ७७ मिली पाणी. दिसायला अगदी सरळ. पण जे तयार झालं ते निघालं जवळजवळ ९३.७ टक्क्यांचं.

बाटलीवर नेमकं काय लिहिलेलं असतं

बाटलीवरचे ९८ टक्के हे वजनाचे टक्के असतात. १०० ग्रॅम द्रवात ९८ ग्रॅम ॲसिड. १०० मिलीत नव्हे. पाण्याच्या बाबतीत मिली आणि ग्रॅम जवळपास एकच, म्हणून ही सवय आपल्या हाडीमाशी खिळलेली असते. सल्फ्युरिक ॲसिड मात्र पाण्याच्या पावणेदोनपटीहून जड आहे. त्याची घनता १.८४, म्हणजे १०० मिलीचं वजन १८४ ग्रॅम आणि त्यात शुद्ध ॲसिड सुमारे १८० ग्रॅम. "९८ टक्के म्हणजे १०० मिलीत ९८ ग्रॅम" असं धरून कुणी द्रावण बनवलं, तर ते जवळपास दुप्पट कडक होईल. भरपूर जणांकडून ही चूक होते, आणि ती फार हुशार मुलांकडूनही होते.

म्हणजे बाटलीवरची माहिती वजनात, आणि आपण पिपेटनं मोजतो ते आकारमान. या दोन काठांमधला पूल म्हणजे घनता. तीही लेबलवर असते, बहुतेकदा बारीक अक्षरात, आणि तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही.

हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली घेऊ. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर ३५.४ टक्के आणि घनता सुमारे १.१८ असं लिहिलेलं दिसतं. एक लिटर द्रवाचं वजन ११८० ग्रॅम. त्यातले ३५.४ टक्के म्हणजे ४१७.७ ग्रॅम खरं ॲसिड, बाकी पाणी. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा रेणुभार ३६.४६, म्हणजे एका मोलचं वजन ३६.४६ ग्रॅम. भागाकार केला की ११.४६ मोल. म्हणून ही बाटली ११.४६ मोलर, म्हणजे लिटरला ११.४६ मोल. पाठ करायचं सूत्र पुस्तकात असं सापडतं:

टक्के × घनता × १० ÷ रेणुभार

त्यातला १० कुठून आला हे समजलं की पाठांतराची गरज उरत नाही. लिटरचे १००० मिली आणि टक्क्यांतला १००, यांचा भागाकार म्हणजे तो १०.

याच रीतीनं ९८ टक्के आणि १.८४ घनतेचं सल्फ्युरिक ॲसिड १८.४ मोलर येतं. ७० टक्क्यांचं नायट्रिक, घनता १.४२, ते १५.८. ग्लेशियल ॲसेटिक ९९.७ टक्के, घनता १.०५, ते १७.४. या शेवटच्या आकड्यापाशी थोडं थांबावंसं वाटतं. ॲसेटिक ॲसिड म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिड, ते सौम्य आम्ल म्हणून शिकवतात. तरी त्याची ही बाटली हायड्रोक्लोरिकच्या बाटलीपेक्षा संहत आहे. तीव्र-सौम्य ही आम्लाची जात, संहत-विरल ही आपण त्यात किती पाणी घातलं याची गोष्ट. विरल करण्याच्या गणिताला जातीशी देणंघेणं नाही, फक्त मोलशी आहे.

आपल्या प्रयोगशाळांमध्ये मोलरपेक्षा नॉर्मल जास्त बोललं जातं. "एन बाय टेन एचसीएल (०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक) कुणी संपवलं?" हा प्रश्न रोज ऐकू येतो. फरक छोटा आहे. हायड्रोक्लोरिकचा एक रेणू एकच हायड्रोजन देतो, म्हणून त्याची नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटी एकच. सल्फ्युरिकचा रेणू दोन देतो, म्हणून १८.४ मोलर म्हणजे ३६.८ नॉर्मल. कृतीत 'एन' लिहिलंय की 'एम', हे सल्फ्युरिकच्या वेळी दोनदा बघावं. तिथं चूक झाली तर ती थेट दुपटीची होते.

आगळ आणि पाणी

कोकणातल्या कुठल्याही घरात हे गणित तोंडी करतात. बरणीतलं आगळ चमचाभर पेल्यात घेतलं आणि वरून पाणी ओतलं, तर कोकमाचा रस तेवढाच राहतो. पेला भरतो, चव उतरते, पण चमच्यातून जे आलं तेच सगळ्या पेल्यात पसरतं. विरल करण्याचं सगळं गणित एवढंच. ओतण्याआधी जितके मोल होते, तितकेच नंतर. मोल म्हणजे संहती गुणिले आकारमान, म्हणून

आधीची संहती × आधीचं आकारमान = नंतरची संहती × नंतरचं आकारमान

कॉलेजात आपण याला एन-वन व्ही-वन म्हणतो. आता ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक एक लिटर हवंय. उजवी बाजू ०.१ × १००० = १००. डावीकडे ११.४६ गुणिले आपल्याला हवं ते. १०० ÷ ११.४६ = ८.७३ मिली.

८.७३ मिली ॲसिड घेऊन द्रावण एक लिटर *करायचं*. त्यात एक लिटर पाणी *घालायचं* नाही. इथं फरक नगण्य वाटेल, पण ५०० मिलीचं १ लिटर करताना हीच चूक झाली तर द्रावण एक तृतीयांशानं मवाळ निघतं. प्रमाण सांगण्याच्या पद्धतीतही हाच घोळ आहे. "एकास दहा" म्हणजे एक भाग ॲसिड आणि दहा भाग पाणी, की एकूण दहा भाग? मी दोन्ही अर्थ लावणारी माणसं एकाच टेबलावर बघितली आहेत. म्हणून मी स्वतः "१ अधिक ९" असं लिहिते, मग वाद उरत नाही.

आता खरी मेख. दुसऱ्या कंपनीची बाटली ३७ टक्के, घनता १.१९ अशी आली, तर ती १२.०८ मोलर. तिच्यातून त्याच कामाला ८.२८ मिली पुरतं. कितीतरी जणांच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत या जागी ठामपणे ८.५ मिली लिहिलेलं असतं. तिन्ही आकडे आपापल्या जागी ठीक आहेत, पण एका बाटलीचा आकडा दुसरीला लावला की गडबड होते.

ती किती होते ते बघू. दुधातलं प्रथिन केल्डाल पद्धतीनं मोजताना शेवटचं टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या नळीतून ॲसिड सोडून किती लागलं ते बघणं, ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिकनं करतात. समजा वहीतला ८.२८ मिलीचा आकडा घेतला, आणि टेबलावर बाटली मात्र ३५.४ टक्क्यांची होती. तयार झालेलं द्रावण प्रत्यक्षात ०.०९४९ नॉर्मल. मवाळ ॲसिड म्हणून ब्युरेटमधून ते जास्त खर्च होणार, आणि आपण तर त्याला ०.१ समजून हिशोब करणार. ज्या दुधात ३.२ टक्के प्रथिन आहे, ते आपल्या रिपोर्टवर ३.३७ येईल. कुणी काही लपवलं नाही, कुणी भेसळ केली नाही, तरी कागदावर खोटा आकडा उमटला. तो आकडा वाचणाऱ्याला बाटलीची भानगड कधीच कळणार नाही.

माझे सत्त्याहत्तर मिली कुठं चुकले

आता परत त्या संध्याकाळकडे. माझ्या समीकरणात एका बाजूला टक्के होते, वजनाचे. त्यांना मी गुणलं मिलीनं. वजनाचे टक्के वजनालाच गुणले पाहिजेत. एवढीच चूक. सूत्र बरोबरच होतं, पण मी त्यात दोन वेगळ्या मापांची माणसं एका ओळीत उभी केली होती. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही द्रावणं अगदी पातळ असतील तर अशा चुका लपून राहतात, कारण तिथं जवळजवळ सगळं पाणीच असतं. नव्वद टक्क्यांच्या द्रावणात त्या उघड्या पडतात.

वजनात मांडलं की सगळं सरळ होतं. एक लिटर ९८ टक्क्यांचं ॲसिड म्हणजे १८४० ग्रॅम. ते ९०.५ टक्के करायचं तर एकूण वजन १८४० × ९८ ÷ ९०.५, म्हणजे साधारण १९९२ ग्रॅम व्हायला हवं. फरक १५२ ग्रॅम, तितकं पाणी. म्हणजे लिटरला १५२ मिली. मी घेतलेल्या ९२३ मिलीला १४१ मिली पाणी लागलं असतं. मी घातलं ७७, जवळपास निम्मं.

मोलॅरिटीनं केलं तरी उत्तर बरोबर येतं, आणि त्यात एक गंमत दिसते. साडेनव्वद टक्क्यांच्या ॲसिडची घनता २० अंशाला १.८१७ च्या आसपास असते, म्हणून ते १६.७७ मोलर. एक लिटरसाठी १८.४ मोलरचं सुमारे ९१२ मिली लागेल. मग पाणी किती? १००० वजा ९१२, म्हणजे ८८ मिली? नाही. वजनानं काढलं तर १३९ मिली येतं. ९१२ आणि १३९ मिळून १०५१ मिली व्हायला हवेत, पण भरतात १०००. एकावन्न मिली कुठं गेले? कुठंच नाही. सल्फ्युरिक ॲसिडचे आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरतात की मिश्रण आकसतं. वजनाची बेरीज होते, आकारमानाची होत नाही. म्हणूनच पातळ द्रावणांच्या कृतीत "खुणेपर्यंत पाणी भरा" असं लिहिलेलं असतं, "इतके मिली पाणी घाला" असं नसतं. आणि म्हणूनच संहत ते संहत असा प्रवास करताना मिली सोडून तराजू जवळ करावा.

या ॲसिडचा आणखी एक स्वभाव मला नंतर कळला. नव्वदच्या आसपास घनता टक्क्यागणिक नीट बदलते, हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, ती दिसते. पण पंचाण्णवच्या वर ती जवळजवळ सपाट होते. २० अंशाला ९५ टक्क्यांची घनता १.८३४, ९८ टक्क्यांची १.८३६, आणि १०० टक्क्यांची उलट कमी, १.८३१. म्हणजे बाटलीतलं ॲसिड ९८ टक्के आहे की ९६, हे हायड्रोमीटर सांगू शकत नाही. आणि ते ९६ असण्याची शक्यता आपल्याकडे चांगलीच असते. सल्फ्युरिक ॲसिड हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात बूच सैल राहिलेली बाटली आठवड्यांमध्ये मवाळ होत जाते. हायड्रोक्लोरिकचं उलटं. त्यातून वायू उडून जातो, झाकण काढल्याबरोबर पांढरा धूर दिसतो तो त्याचाच. एक पाणी घेतं, दुसरं स्वतःतलं सोडतं, पण दोघांच्याही बाटल्या जुन्या झाल्या की लेबलवरच्या आकड्याला राहत नाहीत.

९६ टक्क्यांच्या लिटरभर ॲसिडला १५२ नव्हे, ११२ मिलीच पाणी लागतं. म्हणून मी आता हिशोबापेक्षा कमी पाण्यानं सुरुवात करते. मिश्रण पूर्ण थंड झालं, २७ अंशावर आलं, की हायड्रोमीटर सोडते. घनता १.८१२ च्या वर असेल तर आणखी किती पाणी हवं ते काढून, तेवढं पाणी दुसऱ्या भांड्यात घेऊन त्यात हे मिश्रण हळूहळू ओतते. मिश्रणात पाणी ओतत नाही. तापमानाचा आग्रह यासाठी की दर अंशाला घनता साधारण ०.००१ नं सरकते, आणि आपल्याला मिळालेली मोकळीक सगळी मिळून ०.००५ आहे. गरम द्रावणात घेतलेलं रीडिंग म्हणजे नुसता अंदाज.

ओतताना

पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. हे सगळ्यांना पाठ असतं. कारण मात्र बऱ्याचदा सांगितलं जात नाही, आणि कारण न कळलेला नियम घाईच्या दिवशी मोडला जातो. पाणी हलकं आहे. ॲसिडवर ओतलं तर ते खाली न जाता वरच पसरतं आणि नेमकं त्या पातळ थरातच मिसळायला लागतं. मिसळताना प्रचंड उष्णता निघते. ॲसिडची उष्णता सामावून घेण्याची क्षमता पाण्याच्या एक तृतीयांशच, त्यामुळे तो थर झपाट्यानं तापतो. पाणी १०० अंशाला उकळतं, ९८ टक्क्यांचं ॲसिड तीनशे अंशांच्या बरंच वर. वरचं पाणी क्षणात उकळून उडतं आणि ॲसिडचे थेंब सोबत घेऊन येतं, सरळ तोंडावर. उलट ॲसिड पाण्यात सोडलं तर ते जड असल्यानं खाली बुडतं, आजूबाजूला भरपूर पाणी असतं आणि उष्णता वाटली जाते.

गर्बरच्या ॲसिडमध्ये मात्र हा दिलासा अर्धाच आहे, हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. इथं पाणी दीडशे मिली आणि ॲसिड लिटरभर. पाण्यातच ॲसिड ओतलं तरी पहिल्या दीड-दोनशे मिलीतच ते एवढंसं पाणी चहाच्या आधणासारखं तापतं, आणि घाई केली तर उसळतं. बोरोसिलिकेटचं मोठं चंचुपात्र बर्फाच्या घमेल्यात ठेवायचं, काचेची कांडी तिरकी धरून तिच्यावरून बारीक धार सोडायची, ढवळायचं, थांबायचं. सुरुवातीला पाण्यात तेलासारख्या वळ्या दिसतात, उन्हात तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशा. त्या विरल्या की पुढची धार. थर्मामीटर आत ठेवावा. पन्नासच्या पुढं जायला लागला की मी हात थांबवते. अर्धा तास लागतो, लागू द्यावा. जाड काचेच्या बाटलीत किंवा मोजपात्रात हे कधी करू नये. आतून तापलेली आणि बाहेरून गार अशी जाड काच तडकते, आणि मग सगळं ॲसिड टेबलावर येतं.

डोळ्यांना गॉगल, हातात ॲसिडला टिकणारे हातमोजे, अंगात ॲप्रन, फ्यूम हूड चालू, आणि पिपेटला रबरी बल्ब. तोंडानं ओढू नये, कितीही सवय असली तरी. थेंब अंगावर उडाला तर लगेच नळाखाली धरावा, कपडा भिजला असेल तर तो काढून टाकावा, निदान पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडावं आणि डॉक्टरांकडे जावं. कातडीवर सोडा चोळू नये. सोडा टेबलावर सांडलेल्यासाठी.

छोट्या प्रयोगशाळेनं गर्बरचं ॲसिड स्वतः बनवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. योग्य घनतेचं तयार ॲसिड विकत मिळतं. स्वतः बनवून वाचणारे पैसे एका भाजलेल्या हातापुढं काहीच नाहीत. घनता मात्र तयार बाटलीचीही तपासावी.

हिशोब संपल्यावर

०.१ नॉर्मलसारख्या द्रावणात घनतेवर भागत नाही, तिथं ताकद टायट्रेशननंच ठरते. ओव्हनमध्ये कोरडं करून डेसिकेटरमध्ये थंड केलेलं सोडियम कार्बोनेट १.३२५ ग्रॅम अचूक तोलून २५० मिली द्रावण केलं, की ते ०.१ नॉर्मल होतं. ही पूड शुद्ध मिळते, उडत नाही, म्हणून तिच्या वजनावर विश्वास ठेवता येतो. ॲसिडच्या बाटलीवर तसा ठेवता येत नाही. त्यातलं २५ मिली शंकूपात्रात घ्यायचं, रंग बदलून शेवट दाखवणारं मिथिल ऑरेंज दोन थेंब, आणि ब्युरेटमधून आपलं ॲसिड. पिवळा रंग नारिंगीकडे झुकला की थांबायचं.

यासाठी मी ८.७३ ऐवजी मुद्दाम ९ मिली घेते. द्रावण थोडं कडक निघालं तर पाणी घालून जागेवर आणता येतं. मवाळ निघालं तर पुन्हा संहत बाटली उघडावी लागते. समजा ब्युरेटवर २४.२५ मिली आलं. २५ × ०.१ ÷ २४.२५ = ०.१०३१ नॉर्मल. म्हणजे लिटरमागं ३१ मिली पाणी जास्तीचं हवं. टायट्रेशनमध्ये थोडं खर्च होऊन ९५० मिली उरलं असेल, तर २९.४ मिली. घालायचं, नीट हलवायचं, आणि पुन्हा एकदा टायट्रेशन. दुसऱ्या वेळी २४.९५ आलं, तर ०.१००२. आता ते अगदी ०.१००० करण्याच्या मागं मी लागत नाही. जे आलं तेच लेबलवर लिहिते आणि पुढच्या प्रत्येक हिशोबात तोच आकडा वापरते.

त्या काळ्या थराच्या आठवड्यात साहेबांनी मला एक रिकामी बाटली आणि पेन दिलं होतं, आणि लेबल स्वतःच्या हातानं लिहायला लावलं होतं. सल्फ्युरिक ॲसिड, गर्बरसाठी. कोणत्या बाटलीतून घेतलं, तिचा बॅच नंबर. पाणी किती. घनता १.८०९, २७ अंशाला. तारीख. खाली माझी सही. सकाळी पहिले चोवीस ब्युटायरोमीटर त्याच बाटलीतून भरले. झाकण उघडलं तेव्हा फॅटचे थर पिवळे होते, आणि प्रत्येकाची खालची रेघ स्वच्छ दिसत होती.